शिराझ एकच, गावं तीन: नाशिक, रोन आणि बरोसाची घरी चाखून तुलना कशी करायची?

तीन_बाटल्या

पुण्यात आम्ही सहा जण आहोत. एकाच द्राक्षाच्या, पण वेगवेगळ्या प्रदेशांतल्या वाइन शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आहेत. बाटल्या आणून झाल्या: नाशिकची एक रिझर्व्ह शिराझ, फ्रान्सच्या रोन खोऱ्यातली क्रोझ-एर्मिताज आणि ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची शिराझ. तिन्हींवर साल २०२२ आहे. नाशिक आणि बरोसाच्या बाटल्यांना फिरकीचं झाकण आहे, रोनच्या बाटलीला बूच.

बेत असा: एप्रिलची संध्याकाळ, बाटल्या खोलीच्या तापमानाला, सोबत चीज, चकली आणि खारे शेंगदाणे. आधी नाशिक, मग रोन, शेवटी बरोसा. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे आणि सरासरी काढायची.

प्रश्न असे:
१. क्रम बरोबर आहे का?
२. चव नेमकी कशी "वाचायची"? इंग्रजी वर्णनांत ब्लॅकबेरी, बॉयझनबेरी, व्हायोलेट असं असतं. यातलं निम्मं आमच्यापैकी कुणी खाल्लेलं नाही, हुंगलेलं नाही.
३. लेबल न बघता प्रदेश ओळखता येतो का, की ते नुसतं शायनिंग?

तुरट

बाटल्या छान निवडल्यात, पण बेत जवळजवळ सगळा बदलावा लागेल.

तापमानापासून सुरू करू. "खोलीचं तापमान" हा सल्ला युरोपातल्या थंड घरांमधून आलाय. एप्रिलमधल्या पुण्यात खोली म्हणजे ३२ ते ३४ अंश. एवढ्या उष्ण वाइनमधून अल्कोहोल आधी उडतं आणि नाकात तेच बसतं, फळ मागे पडतं. बरोसाची वाइन साधारण १४.५ टक्क्यांची असते, तिचं सगळ्यात जास्त नुकसान होईल. तिन्ही बाटल्या दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि ओतायच्या २० ते २५ मिनिटं आधी बाहेर काढा. पेल्यात १६ ते १८ अंश हवेत. फार थंडही नको, थंडीत तुरटपणा कडक लागतो आणि वास मिटून बसतात. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर असेल तर एकदा बुडवून बघा, अंदाज हमखास चुकतो.

पेले सगळ्यांचे सारखेच हवेत. चाखणीचा प्रमाणित पेला साधारण २१५ मिलीचा, तोंडाशी निमुळता असतो आणि त्यात ५० मिलीच ओततात. तसे मिळाले नाहीत तर कुठलेही चालतील, पण एकसारखे, निमुळते आणि बिनवासाचे. कपाटात पालथे ठेवलेल्या पेल्यांना लाकडाचा वास धरतो, काहींना भांड्याच्या साबणाचा असतो. रिकामा पेला आधी हुंगा. शंका आली तर ज्या वाइनसाठी तो आहे तिचेच चार-पाच मिली घालून फिरवा आणि टाकून द्या.

चीज आणि चकली शेवटासाठी राखून ठेवा. चीजमधली प्रथिनं आणि चरबी तुरटपणा गिळून टाकतात, तिखट-मीठ जिभेवर ठाण मांडतं. मध्ये खायला साधा पाव, तोही गोडसर मिल्क ब्रेड नव्हे, आणि पाणी. उदबत्ती, अत्तर, पान, पुदिन्याचं काही नको आणि त्या तासात घरात फोडणी तर अजिबात नको. हिंगाच्या फोडणीपुढे कुठलीच क्रोझ-एर्मिताज टिकत नाही.

आणि पिकदाणी हवी. हसू नका. एका पेल्यात ५० मिली धरले तर तीन पेल्यांत १४ टक्क्यांनी २१ मिली निव्वळ अल्कोहोल पोटात जातं. तिसऱ्या पेल्यापासून सगळंच आवडायला लागतं. स्टीलचा उंच डबा, तळाशी थोडं पाणी, काम झालं.

आता चव वाचायचं. वासाच्या मागे लागू नका, आधी सांगाडा बघा: आम्ल, तुरटपणा, अल्कोहोल, अंग. हे चारही वासापेक्षा कमी फसवतात. आणि इथे मराठी माणूस एक पाऊल पुढे असतो. नवखे चाखणारे आंबट आणि तुरट यांची सर्रास गल्लत करतात, आपल्याकडे हे दोन शब्द लहानपणापासून वेगळे आहेत. आम्ल म्हणजे तोंडाला पाणी सुटणं. घोट थुंकला की मान खाली घालून तोंड किंचित उघडं ठेवा. जिभेखालून लाळ किती वेगाने येते ते आम्लाचं माप. फारच असेल तर दात आंबतात. तुरटपणा याच्या उलट: लाळेतली प्रथिनं टॅनिनला, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट घटकाला, चिकटून बाजूला होतात, तोंडाचं वंगण जातं, हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी पडते. तो नुसता कमी-जास्त लिहू नका, पोत लिहा. जांभळाच्या सालीसारखा मऊ, कच्च्या आवळ्यासारखा खरखरीत, की सुपारीसारखा आवळून धरणारा?

अल्कोहोल घशात आणि छातीत ऊब म्हणून कळतं. अंग म्हणजे तोंडातला दाटपणा: गायीचं दूध की म्हशीचं, एवढं मनात धरलं तरी पुरे.

आदल्या दिवशी अर्धा तास सराव करा. एका ग्लासात २०० मिली पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व, दुसऱ्यात दोन चमचे चहापत्ती दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून गाळलेला गार कोरा चहा, तिसऱ्यात २०० मिली पाण्यात ६० मिली व्होडका. आम्ल, टॅनिन आणि अल्कोहोल सुटे सुटे चाखले की वाइनमध्ये ते वेगळे काढता येतात. नंतर लिंबूपाणी आणि चहा एकत्र करून बघा. आम्लामुळे तुरटपणा आणखी टोचतो हे तिथेच समजेल.

वासाला आपली नावं द्या. ब्लॅकबेरी खाल्ली नसेल तर तुती लिहा, करवंद लिहा, पिकून फुटलेलं जांभूळ लिहा. अट एकच: तो शब्द तुमच्या सहाही जणांना एकाच वासाकडे नेणारा हवा. व्हायोलेट हुंगलं नसेल तर "अत्तराकडे झुकणारं फूल" एवढं पुरे.

गोडी_छाटणी

तुरट यांच्याशी सहमत. बागेच्या बाजूने थोडी भर.

तिन्हींवर २०२२ लिहिलं असलं तरी वय सारखं नाही. लेबलवरचं साल तोडणीचं असतं. नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारीअखेर ते मार्च, बरोसात साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. रोनमध्ये मात्र सप्टेंबर. म्हणजे तुमची क्रोझ-एर्मिताज बाकी दोघींपेक्षा सहा-सात महिन्यांनी लहान आहे. मोठा फरक नाही, पण तिचा रंग जास्त जांभळा दिसला तर त्याचं श्रेय लगेच तिथल्या मातीला देऊ नका.

खरा फरक पिकण्याच्या ऋतूत आहे. रोनमध्ये मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरतो, ते ऑगस्टच्या सुमारास, आणि तिथून दिवस हळूहळू गार होत जातात. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी (काड्यांसाठीची), सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची) आणि पाणी उतरतं ते थंडीत. तिथून तोडणीपर्यंत ऊन वाढतच जातं. जानेवारीतल्या गार रात्री आम्ल राखतात, पण लाल द्राक्षाला साल आणि बी पिकेपर्यंत थांबावं लागतं. तोवर फेब्रुवारीअखेरचं ऊन द्राक्षातलं मॅलिक आम्ल जाळून टाकतं, पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. म्हणून उष्ण भागातले वाइनवाले रसात टार्टारिक आम्ल घालतात. नाशिकमध्ये घालतात, बरोसातही घालतात. यात फसवणूक काही नाही, नियमात बसणारी पद्धत आहे. नीट मिसळलेलं कळतही नाही. घाईने घातलेलं असेल तर आम्ल फळाच्या आत न राहता कडेला वेगळं उभं राहतं, शेवटाला लिंबू चाटल्यासारखं. तिघींमध्ये हे जरूर तपासा.

मिरी हा शिराझचा सगळ्यात चर्चेतला वास. त्यामागे रोटंडोन नावाचा रेणू आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. काळ्या मिरीतही तोच. तो सालीत असतो आणि गार जागी, उशिरा पिकलेल्या घडांत जास्त सापडतो. म्हणून उत्तर रोनच्या वाइनला मिरी जास्त येते, बरोसाला कमी. आता गंमत बघा: हे नाव आलंय सायपेरस रोटंडस या वनस्पतीवरून, म्हणजे आपल्या नागरमोथ्यावरून. दिवाळीच्या उटण्यात असतो तोच. चिमूटभर मिरपूड आणि चिमूटभर नागरमोथा वेगवेगळ्या वाटीत ठेवा, चाखण्याआधी हुंगा.

पण सहा जणांपैकी एखाद्याला मिरी येणारच नाही, अशी तयारी ठेवा. सुमारे २० टक्के लोकांना रोटंडोनचा वास कितीही वाढवला तरी लागत नाही. नाक अडाणी नसतं, तो वास पकडणारा ग्राहीच नसतो. त्याच्याशी वाद घालू नका.

ओक पिंपाची मात्र भानगड आहे. ओल्या नारळाचा, व्हॅनिलाचा वास बहुतेकदा अमेरिकन ओकचा, आणि बरोसात तो पूर्वापार वापरतात. रोनमध्ये जुनी, मोठी पिंपं जास्त, त्यांचा वास जवळजवळ उतरत नाही. नाशिकच्या रिझर्व्हला थोडाफार ओक असतोच. म्हणजे "नारळ आला म्हणून बरोसा" हा निष्कर्ष सुताराबद्दल सांगतो, प्रदेशाबद्दल नाही.

आकडेमोड

क्रमाबद्दल. नाशिक आधी, बरोसा शेवटी हा क्रम ठरवलात तर तुम्ही चव नाही, क्रम मोजाल. पहिल्या पेल्याला ताज्या जिभेचा फायदा मिळतो आणि तुरटपणा घोटागणिक साचत जातो, शेवटचीला मागच्या दोघींचं ओझं. उपाय सोपा: प्रत्येकाने वेगळ्या क्रमाने चाखायचं. तीन बाटल्यांचे बरोबर सहा क्रम होतात आणि तुम्ही सहा जण आहात. एकेकाला एकेक वाटून द्या. दोन घोटांत किमान दोन मिनिटं, पाव आणि पाणी.

लेबल झाकणं पुरत नाही. झाकण आणि बूच यांचा फरक, बाटलीचे खांदे, काचेचं वजन सगळं चुगली करतं. एकाने आत जाऊन तिन्ही वाइन पाण्याच्या सारख्या जगांत ओताव्यात आणि जगांना क, ख, ग लिहावं. दुसऱ्याने ते न बघता अक्षरांवर आकडे चिकटवावेत. आता कुणालाच माहीत नाही, ओतणाऱ्यालाही नाही.

आणि चौथा पेला ठेवा: तिघींपैकी एक परत, वेगळ्या आकड्याने. सहा जणांना ५० मिलीप्रमाणे ६०० मिली लागतील, बाटली ७५० ची, पुरते. या पेल्याला ज्याने जुळ्या पेल्यापेक्षा चार-पाच गुण कमीजास्त दिले त्याचे बाकीचे आकडेही त्याच हिशेबाने वाचायचे. लाज वाटायचं कारण नाही. वाइन बनवणाऱ्या रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. २००८ च्या त्यांच्या निबंधानुसार जेमतेम दहा टक्के परीक्षक तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात राहिले.

दहापैकी गुण नकोत. सगळे सहा ते आठमध्ये लोंबकळतात. २० घ्या आणि फोडून घ्या: दिसणं २, नाक ६, तोंड ८, शेवट रेंगाळतो किती त्याला २, एकूण तोल २. तोंडाचे आठ म्हणजे आम्ल, तुरटपणा, अंग आणि चव, प्रत्येकी २. शेवट चक्क सेकंदांत मोजा. घोट थुंकल्यावर फळाचा स्वाद किती टिकला? पाच सेकंदांच्या आत गेला तर शून्य, दहा-बाराच्या पुढे टिकला तर पूर्ण. मात्र नुसता कडवटपणा किंवा जळजळ रेंगाळली तर ती मोजायची नाही.

सरासरीही नको. एखादा गडी ८ आणि १९ असे टोकाचे गुण देतो, बाकीचे १३ ते १५ मध्ये. सरासरी त्या एकट्याची होते. प्रत्येकाने आपल्यापुरता पहिला, दुसरा, तिसरा लावावा आणि त्या क्रमांकांची बेरीज करावी. गुणपत्रक लिहून होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. एकाने "मिरी!" म्हटलं की बाकी पाचांना मिरी येते.

तीन_बाटल्या

वाचनखूण साठवली. चकली रद्द, निदान नंतर. दोन शंका. दोघींमधला फरक खरंच जाणवतोय की मनाचे खेळ, हे कसं तपासायचं? आणि वाइनमध्ये दोष आहे की तो प्रदेशाचा गुण आहे, हे कसं ओळखायचं?

आकडेमोड

पहिल्याचं उत्तर: तीन पेले द्या, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते सांगायचं. डोळे मिटून ठोकलं तरी तिनात एकदा बरोबर येतं. सहापैकी चौघांना जमलं तर ते नशिबानेही होऊ शकतं, शक्यता दहा टक्के. पाचांना जमलं तर नशिबाची शक्यता दोन टक्क्यांखाली येते, मग फरक आहे असं माना. रंगावरून कळत असेल तर दिवे मंद करा किंवा पेल्यांना कागद गुंडाळा. रंग नाकालाही फसवतो. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये पांढऱ्या वाइनला वासहीन लाल रंग घालून ५४ विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. तो निबंध २००१ चा.

बूच

दुसऱ्याचं मी घेतो.

ओला पुठ्ठा, कुबट गोणपाट, पावसाळ्यात बंद राहिलेली खोली: हा टीसीए नावाचा कुबट वासाचा रेणू. बुचातून येतो. लिटरला दोन ते पाच नॅनोग्रॅम एवढ्यानेही नाकाला लागतो. त्याहून कमी असला तर वास येत नाही, पण फळ गप्प होतं, वाइन सपाट लागते. हा दोष हवेने जात नाही, उलट दहा मिनिटांत जास्त उघडा पडतो. आणि नाक त्याला पटकन सरावतं, म्हणून पहिल्या हुंगण्यावर विश्वास ठेवा. तुमच्यात बूच फक्त रोनच्या बाटलीला आहे, तेव्हा ती आधी उघडून एकाने तपासावी आणि त्या माणसाने मग जग भरायचं काम करावं. शक्य असेल तर तिची दुसरी बाटली हाताशी ठेवा, नाहीतर एका सडक्या बुचावरून अख्ख्या रोनचा निकाल लागेल.

काडेपेटीची पेटलेली काडी किंवा उकडलेलं अंडं: गंधकाचं प्रकरण. फिरकीच्या झाकणाखाली हे जास्त वेळा दिसतं, कारण आत हवा जवळजवळ जात नाही. जगात ओतून जोरात फिरवा, पंधरा मिनिटं थांबा, बहुतेकदा जातं. अडून बसलं तर पेल्यात स्वच्छ घासलेला तांब्याचा तुकडा अर्धा मिनिट फिरवतात, तांबं गंधक धरून ठेवतं. पण ही फक्त निदानापुरती युक्ती. तो पेला पिऊ नका. आंबट वस्तू तांब्यात कळकते हे वेगळं सांगायला नको. कांदा-लसणासारखा वास असेल तर तो सहसा असा हटत नाही.

नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा वास म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट, सोबत व्हिनेगरचा चटका. अगदी किंचित असेल तर काही लाल वाइनला उठाव देतं, त्यापुढे दोषच.

वादाचा मुद्दा ब्रेट. ब्रेटानोमायसिस हे यीस्ट, पिंपांत घर करतं. वास तबेल्याचा, घामट चामड्याचा, जखमेवरच्या चिकटपट्टीचा, कधी लवंग आणि धूर. जुनी पिंपं आणि चढा पीएच त्याला मानवतात. उत्तर रोनच्या काही वाइनमध्ये हा वास इतका नेहमीचा होता की लोक त्यालाच मातीचा गुण म्हणत. माझं मत: फळ आणि मिरी वर राहून मागे चामडं असेल तर चालेल. चिकटपट्टी पुढे आली, शेवट कोरडा आणि धातूसारखा झाला, तर तो दोष, मग लेबलवर काहीही असो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटतो तो दोष पुस्तकांत दोन ओळींत उरकतात: तापलेली बाटली. गोदाम, टेम्पो, दुकानाची काच. बूच वर सरकलेलं असेल, मानेशी चिकट ओघळ असेल तर संशय घ्या. फिरकीच्या झाकणावर अशी खूण दिसत नाही. वास शिजलेल्या मुरांब्याचा, रंगाची कड विटकरी, शेवट आखूड. इथे बरोसाशी गफलत होते, कारण तिचं फळही मुळात जॅमकडे झुकलेलं असतं. फरक शेवटात बघा: निरोगी बरोसा दाट असली तरी शेवटी फळ जिवंत असतं, शिजलेली वाइन मध्येच बसते.

नीलगिरीचा वास आला तर दचकू नका. ऑस्ट्रेलियात बागेशेजारी निलगिरीची झाडं असली की जवळच्या ओळींतल्या घडांवर तो उतरतो. दोष नाही, खूण आहे.

तुरट

तुमचा तिसरा प्रश्न राहिला. लेबल न बघता प्रदेश ओळखता येतो का? या तीन बाटल्यांपुरतं बोलायचं तर बऱ्यापैकी, कारण तिन्ही टोकांच्या आहेत. मध्यम अंग, चढं आम्ल, मिरी, ऑलिव्ह, थोडा धूर आणि अल्कोहोल १३ च्या आसपास असेल तर रोन म्हणा. म्हशीचं दूध, तुतीचा जॅम, चॉकलेट, मऊ तुरटपणा आणि घशात ऊब असेल तर बरोसा. मधलं अंग, पिकलेलं जांभूळ, मसाला, भाजल्यासारखा वास आणि किंचित उभं राहिलेलं आम्ल असेल तर नाशिक. पण हे या तिघींतून निवडण्यापुरतं. उद्या दक्षिण आफ्रिकेची किंवा चिलीची शिराझ गुपचूप घुसवली तर हे कोष्टक कोसळेल. क्रोझ-एर्मिताजमध्ये मार्सान आणि रूसान ही पांढरी द्राक्षं १५ टक्क्यांपर्यंत घालायची मुभा आहे, तेही लक्षात असू द्या. निव्वळ सिराह, म्हणजे शिराझच, हवी असेल तर पुढच्या वेळी उत्तर रोनमधलीच कॉर्नास घ्या.

शिराझ आणि सिराह एकच, हे द्राक्ष इराणच्या शिराज शहरातून आलं ही कथा सोडून द्या. १९९८ मध्ये डीएनएवरून ठरलं की तिचे आईबाप म्हणजे मोंद्यूझ ब्लांश आणि द्यूरेझा, दोघंही आग्नेय फ्रान्सचे.

आणि किमतीवरून प्रदेशांची तुलना करू नका. आयातीच्या वाइनवर आपल्याकडे सीमाशुल्क बराच काळ एकूण १५० टक्के होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे डिसेंबर २०२२ पासून तिथल्या ठराविक किमतीवरच्या बाटल्यांना ते कमी झालं. म्हणजे दुकानात सारख्याच रुपयांना मिळणाऱ्या तीन बाटल्या आपापल्या गावी सारख्या दर्जाच्या नसतात. नाशिकची तिथली वरची असेल आणि रोनची तिथली रोजची.

गोडी_छाटणी

उरलेल्या वाइनबद्दल कुणी बोललं नाही. दोन वाइनचे प्रत्येकी साडेचारशे मिली उरतील, जिचा जुळा पेला केला तिचे दीडशे. चाखायला बसण्याआधीच प्रत्येकीतून शंभर मिलीची छोटी काचेची बाटली काठोकाठ भरून झाकण लावा, वर हवा राहू देऊ नका, फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा लेबलाशिवाय चाखा आणि कालच्या कागदावर दुसऱ्या रंगाच्या पेनाने गुण लिहा. आदल्या दिवशी ओकमुळे पुढे आलेली बाटली बऱ्याचदा इथे मागे पडते.